पंचवीस घरांची साखर

मुलगी अकरावी कॉमर्सला गेली, तेव्हा तिला दोन विषयांतला एक निवडायचा होता. एक चिटणीसाची कार्यपद्धती, दुसरा गणित आणि संख्याशास्त्र. वर्गातल्या बहुतेक मुलींनी पहिला घेतला. हिने दुसरा घेतला आणि पहिल्याच चाचणीत पंचवीसपैकी नऊ गुण आणले. सरांनी तिला सरळ सांगितलं, "प्रकल्प चांगला झाला तर राहा. नाहीतर महिनाअखेरीच्या आत विषय बदलायचा अर्ज दे."

ती घरी आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, मला हाच विषय पायजे. यात उत्तर आल्यावर बी विचारता येतंय, की हे खरं हाय का."

मला हे पटलं. मी स्वतः भाजीवाल्याचा काटा दोनदा बघणारी बाई आहे. त्यामुळे हा विषय टिकवायचा, असं आम्ही दोघींनी ठरवलं.

प्रकल्प असा होता: आपल्या भागातल्या पंचवीस घरांतून कुठल्याही एका गोष्टीची माहिती गोळा करायची, तिची सरासरी काढायची आणि प्रमाण विचलन काढायचं. सरासरी मला येत होती. प्रमाण विचलन हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. तिने जेवताना समजावून सांगितलं.

"समज, एका घरात दोघं हायेत अन् दोघं बी दोन-दोन भाकरी खातेत. दुसऱ्या घरात एकजण चार खातो अन् दुसरा उपाशी. सरासरी दोन्हीकडं दोनच. पण घरं सारखी हायेत का?"

"न्हाईत."

"मग आकडे सरासरीपासून किती वर-खाली हायेत, ते सांगणारा आकडा म्हंजे प्रमाण विचलन."

"चार खाणारा म्हंजे मी का?" तिच्या वडिलांनी तिसरी भाकरी मोडता मोडता विचारलं. "उदाहरण द्यायला दुसरं काई सापडलं न्हाई व्हय तुमाला?"

मी त्यांच्या ताटात चौथी वाढली.

प्रकल्पात लोकांना काय विचारायचं यावर थोडा वाद झाला. तिला मोबाईल किती तास बघता हे विचारायचं होतं. मी म्हणाले, त्याचं खरं उत्तर तुझा बापसुद्धा देणार नाही. लोकांना लपवावंसं वाटणार नाही असं काहीतरी विचार. मग मीच सुचवलं: चहाच्या एका कपाला किती चमचे साखर. चहात लपवण्यासारखं काय असतं?

केजला आमच्या कॉलनीत ऐंशीच्या आसपास घरं आहेत. सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या करून तिने पंचवीस उचलल्या. मनाला येईल ती घरं घेतलेली चालत नाहीत, जी चिठ्ठी निघेल तेच घर घ्यायचं असतं. मी आमचा चहाचा चमचा पिशवीत घातला. प्रत्येक घरचा चमचा वेगळा, मग दोन चमचे म्हणजे नेमके किती? मापाला माप एकच पाहिजे. आणि एकट्या पोरीने दारोदार फिरणं बरं दिसत नाही म्हणून मीही बरोबर निघाले.

पहिलंच घर एका निवृत्त तलाठ्याचं निघालं. त्यांच्या बायकोने चमचा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

"चमचा घरून आणलाव व्हय? आमच्याकडं चमचे न्हाईत असं वाटलं का?"

"तसं न्हाई ताई, माप म्हणून."

"दोन घालते बगा मी. शिगोशीग. लिही बाळा, दोन."

आणि लगेच चहा टाकला. चहा गोड होता, अगदी दोन चमच्यांचा.

फळांचा गाडा लावणाऱ्याच्या घरी भाभी मला बाजी, म्हणजे ताई म्हणतात; त्यांनी आम्हाला बसायला खाट पुढे ओढली. "बाजी, आमच्याकडं पाव्हण्याला फिका चहा देत न्हाईत. दो लिखो बेटा. अडीच लिही."

"भाभी, दोन का अडीच?"

"अडीच. आमचे हे म्हणतेत, चहा म्हंजे मिठाई पायजे."

एका घरी सासूने दोन सांगितलं आणि सून स्वयंपाकघरातून हसली. दुसऱ्या एका घरी मला वाटलं, बाईंनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग आकडा सांगितला. पण मुलीला मी तोच लिहायला लावला. आकडा सांगणाऱ्याचा, लिहून घेणं आपलं काम. चहा मात्र प्रत्येक घरी घ्यावाच लागला. नाही म्हटलं की, "कावून, आमच्या घरचा चालत न्हाई का?"

शेवटी तक्ता तयार झाला. चोवीस घरी दोन चमचे, एका घरी अडीच. सरासरी दोनला थोडी वर. प्रमाण विचलन शून्य पूर्णांक एकसुद्धा भरेना. मी खूश झाले. इतकं स्वच्छ, एकसारखं काम मला आवडतं. आमची कॉलनी एका मापाची आहे, याचा थोडा अभिमानही वाटला.

सरांनी तक्ता बघितला आणि वही मिटली. "हे घरी बसून भरलेलं आहे," ते तिला म्हणाले. "पंचवीस माणसं असं एकसारखं कधी बोलत नाहीत. शनिवारी पालकांना घेऊन ये. अर्ज मी काढून ठेवतो."

मुलगी गेटपासूनच पाय आपटत घरात आली. मी तिच्यापेक्षा जास्त तापले. माझ्या पोरीने खोटे आकडे लिहिले म्हणता? एवढे चहा पोटात गेलेत, ते काय खोटे?

हे मी दारात उभी राहून जरा मोठ्यानेच बोलत होते. समोरच्या घरच्या वहिनी कपडे वाळत घालत होत्या. त्यांची चिठ्ठी निघाली नव्हती, त्यामुळे त्या आठवडाभर माझ्याशी तोडून बोलत होत्या.

"तलाठ्याच्या बायकोनं किती सांगितले?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"दोन!" त्यांनी हातातला टॉवेल बादलीत आपटला. "मी दररोज पिते की तिच्याकडं. एक बी पुरता नसतोय. तुमी गेलताव म्हणून दोन. कमी सांगून चिंगूस कोण म्हणून घेईल? मला इचारलं असतं तर मी बी दोनच सांगितले असते."

"अन् खरे किती घालता?"

"ते तुमाला कशाला पायजे?" म्हणून त्या आत गेल्या.

मुलगी पायरीवर बसली आणि वही उघडून तक्ता पुन्हा बघत राहिली. मग म्हणाली, "आई, आकडे खोटे न्हाईत. आपून इचारलं तसं त्यांनी सांगितलं. आपलं इचारणंच चुकलं."

तिने पुन्हा त्याच पंचवीस घरी जायचं ठरवलं, पण वेगळ्या रीतीने. झाकणाला फट पाडलेला एक प्लास्टिकचा डबा आणि मापाला आमचा तोच चमचा घेतला. प्रत्येक घरी एक चिठ्ठी द्यायची. चहा करणाऱ्या बाईने आत जाऊन आकडा लिहायचा, घडी घालायची, डब्यात टाकायची. नाव नाही, घर नंबर नाही. घरचा रोजचा चहा, पाहुण्याचा नाही, हे चिठ्ठीवर छापलेलं. मी निघाले तर तिने मला दारातच थांबवलं.

"तू नको येऊ."

"कावून?"

"मतदान गुप्त असतंय."

ती परत आली तेव्हा आम्ही डबा ताटात ओतला. अर्धा, पाऊण, एक, एक, दीड, तीन. एकीने लिहिलं होतं, "सासूबाई बघत असल्या तर एक, नसल्या तर दोन." एकीने फक्त "गूळ" लिहिलं होतं. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, "मोजत न्हाई, वतते." या तीन चिठ्ठ्या तिने वेगळ्या ठेवल्या आणि तसं वहीत लिहून टाकलं. बाकीच्यांची सरासरी सव्वाच्या जवळ आली. प्रमाण विचलन चांगलं दांडगं निघालं. तक्ता सगळा वेडावाकडा दिसत होता. मला तो बघवत नव्हता. ती मात्र त्याच्याकडे बघून हसत होती.

शनिवारी आम्ही स्टाफरूममध्ये गेलो. विषय बदलायचा अर्ज सरांच्या टेबलावर होता, फक्त सह्या राहिल्या होत्या. सरांनी दुसरा तक्ता बघितला, पहिल्याशी ताडून बघितला.

"पण लोक साखरेसारख्या गोष्टीत खोटं कशाला बोलतील?"

"सर," मुलगी म्हणाली, "तुमच्या घरी कपाला किती चमचे असतेत?"

"दोन," सर म्हणाले.

शेजारच्या टेबलावर इंग्रजीच्या मॅडम पेपर तपासत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवला. "अहो सर, काहीतरीच. डॉक्टरांनी बंद केल्यापासून घरात साखरच आणत नाही, असं परवा तुम्हीच सांगत होतात."

सरांनी मॅडमकडे बघितलं, पुन्हा तक्त्याकडे बघितलं. मग हसले, आणि त्यांच्यामागून सगळी स्टाफरूम हसली. मीही हसले. पण तेवढ्यात सरांनी वहीचं पुढचं पान उलटलं आणि मोठ्याने वाचायला लागले.

"पहिल्या फेरीतील त्रुटीचे कारण: प्रश्न विचारताना विद्यार्थिनीसोबत तिची आई होती. आई पाहुणी असल्यामुळे प्रत्येक घराने पाहुण्यांची साखर सांगितली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पदर सारखा केला.

"हे तुम्हाला आधी दाखवलं होतं का?" सरांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "पण बरोबर हाय."

सरांनी अर्ज ओढून घेतला. आता सही करणार, असं मला वाटलं. त्यांनी तो पालथा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर तिची आकडेमोड पहिल्यापासून करायला घेतली, आणि अर्ध्यात थांबून पेनचं टोक एका आकड्यावर टेकवलं.

"इथं वर्गमूळ चुकलंय," ते तिला म्हणाले. "दुरुस्त करून आण. आणि सोमवारी तासाला वेळेवर ये."