बोलता बोलता निवडा

समोर मेथीची जुडी ठेवायची आणि म्हणायचं, "बोलता बोलता निवडा." अमडापूरच्या मावशींकडे कामाचं बोलायला आलेल्या प्रत्येकाचं स्वागत असंच व्हायचं, मग तो बँकेचा साहेब असो की बियाण्यांचा व्यापारी. तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. समोरच्याला जोखायची आपली रीत ती कुणाला सांगत नाहीत.

आम्ही तिघी मैत्रिणी बुलढाण्यात इंजिनिअरिंग केलेल्या. भाज्या सुकवणारा सोलर ड्रायर तयार करून छोटी कंपनी काढली होती. तो वापरून पाहायला कुणी तयार होईना. मावशींच्या बचत गटानं गच्ची दिली. पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "पोरी, ट्रे लय रुंद हाय. बाईचा हात पोचत नाही, तं बनवला कोणासाठी?" आम्ही ट्रे अरुंद केले. पुढे ड्रायर खपला तो त्या ट्रेंमुळेच.

दोन उन्हाळ्यांनंतर शहरातली एक मसाला कंपनी भागीदारीला तयार झाली. अट एकच: ड्रायर आणि दुरुस्ती फक्त त्यांच्या पुरवठादारांसाठी. त्यांचा अधिकारी गच्ची पाहायला आला. मावशींनी जुडी ठेवली. तासभर तो मोबाइल चाळत बोलला आणि गेला.

"एक काडी नाही तोडली त्यानं," मावशी म्हणाल्या. "तो तुमच्यासंगं काय टिकीन?"

मी हसले. भागीदार ठरवायला आम्ही तक्ता केला होता: भांडवल, बाजारपेठ, ओळखी. तिन्हीत कंपनी पुढे होती.

"मंग आमचं काय वं?"

"तुमची दुरुस्ती मी करीन ना, मावशी."

"हाव," त्या म्हणाल्या. इतक्या चटकन विश्वास ठेवला त्यांनी.

पुढच्या चैत्रात त्यांचा फोन आला. ड्रायरचा पंखा बंद पडला होता. "आठ दिवसांत येते," मी म्हटलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी कंपनीच्या बैठकीत होते. तिसऱ्यांदा नाव पाहिलं आणि फोन वाजू दिला. चौथा आलाच नाही. अजूनही टेबलावर फोन थरथरला, की क्षणभर त्यांचंच नाव दिसतं.

वर्षभरात कंपनीनं तसाच ड्रायर स्वतः तयार केला आणि आमचा करार संपवला. मी अमडापूरला गेले. पुन्हा सोबत याल का, असं मावशींना विचारायचं होतं. वाटेत शब्द जुळवत होते.

दारात सून आली. "आई गेल्या. पोळ्याच्या आधी. तापाचं निमित्त झालं."

गच्चीवर ड्रायर ताडपत्रीखाली होता. मी तिथंच बसून झाकण उघडलं. उंदरानं एक वायर कुरतडली होती. जोडायला पंधरा मिनिटं लागली. पंखा फिरला. रिकाम्या ट्रेंमधून गरम वारा यायला लागला.

"बस?" सून म्हणाली. "एवढंच होतं?"

मी मान हलवली. ती ताडपत्रीची घडी घालत होती. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होती.