कागदाला घाम येत नाही

माझ्या मावशीवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या रविवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, वाशीतल्या एका परफ्यूमच्या दुकानात. कोणावर, कधी, कुठे, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकायचं, असं मी कंपन्यांच्या गेटवर वाटायची पत्रकं लिहिता लिहिता शिकले. शिफ्टला निघालेल्या माणसाच्या एका हातात डबा असतो, दुसऱ्या ओळीपर्यंत तो थांबेलच असं नाही. तुम्ही थांबाल असं धरून चालते. आज सकाळी खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट रिकामी होती आणि तरीही मावशी तिथे होती. ती नुकतीच भाजीला खाली उतरली होती आणि तिच्यामागे हवेत एक बारीक, कोरडा, किंचित कडसर वास रेंगाळत होता. बटण दाबायचं विसरून मी तशीच उभी राहिले. एवढासा वास. पण तो स्वतःच्या अंगावर आणायला या बाईला किती वर्षं आणि किती खेटे लागले, ते मला ठाऊक आहे.

परभणीकडच्या गावाहून मावशी इथे आली आणि रबाळ्याच्या एका कंपनीत लागली. अत्तरं, साबण, उदबत्त्या, शाम्पू, जगातल्या प्रत्येक वस्तूत घालायचे सुगंध तिथे तयार होत. मावशी प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायची. बावीस वर्षं धुतली. त्या कंपनीचा एक नियम होता, आणि तसा तो चुकीचाही नव्हता: आत येणाऱ्याने अंगावर कुठलाही वास आणायचा नाही. गजरा नाही, पावडर नाही, वासाचं तेल नाही, आंघोळीला साबणसुद्धा बिनवासाचा. आत बसलेल्या वास पारखणाऱ्या साहेबांच्या नाकाचा घोटाळा व्हायला नको. गेटवरची बाई वाकून एकेकीची मान हुंगायची. एखाद्या लग्नाहून परस्पर कामावर गेलं तर मावशी वेणीतला मोगरा काढून गेटबाहेरच्या कुंपणाला अडकवून ठेवायची. सुटल्यावर तो काळा पडलेला असायचा. आणि गंमत बघा, रोज संध्याकाळी हीच बाई घरी यायची ती अख्ख्या शहराचे वास अंगावर घेऊन. मी लहान होते. दारातच तिला मिठी मारून ओळखायचे, आज काय? कधी ती म्हणायची, आज फरशी. कधी म्हणायची, आज नवरी. लोकांच्या न्हाणीघरांचे, देव्हाऱ्यांचे, लग्नाच्या हॉलचे वास तिच्या पदराला असायचे. तिचा म्हणावा असा एकही नव्हता. हे माझ्या लक्षात यायला मात्र फार वर्षं लागली. दुसऱ्यांच्या हक्कांची पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला घरातली गोष्ट उशिरा दिसते, हे कबूल करून टाकते.

भांडी धुणाऱ्या बायकांची त्या वासांसाठी स्वतःची भाषा होती. साहेबांचे इंग्रजी शब्द वेगळे. या म्हणायच्या, वास तीनदा भेटतो. आला, बसला, उठला. आल्या आल्या नाकात शिरतो तो पहिला. तासाभराने अंगात मुरतो तो बसलेला. आणि सगळं उडून गेल्यावर काचेच्या तळाशी, विसळायच्या आधी, जो उरतो तो उठलेला. पाहुण्यासारखं असतं, असं मावशी मला सांगायची. येताना सगळेच गोड बोलतात. उठताना काय बोलतो ते ऐकायचं. माणसांच्या बाबतीतही ती हाच हिशेब लावते आणि माझ्या दोन-तीन मित्रांना तिने याच कसोटीवर नापास केलं होतं. एकदाही चुकली नाही.

निवृत्त झाल्यावर तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. एक सेंट घ्यायचा, पण बघून. म्हणून आम्ही त्या रविवारी गेलो. मावशीने इस्त्रीची सुती साडी नेसली होती. काउंटरवर तिने डावा हात पुढे केला, मनगट वर करून काचेवर ठेवला, अगदी डॉक्टरसमोर ठेवावा तसा. काळ्या ड्रेसमधल्या सेल्सगर्लने साबणाच्या पाण्याने कायमची पांढुरकी झालेली ती बोटं पाहिली आणि कागदाची एक पट्टी लांबूनच पुढे सरकवली. पट्टी सकाळची होती, वास मारून ठेवलेली. मावशीने हळूच विचारलं, हातावर मिळेल का? ती म्हणाली, टेस्टर कस्टमरसाठी असतात. तेवढ्यात आमच्यामागून आलेली, डोक्यावर गॉगल सरकवलेली एक बाई काउंटरशी टेकली. तिने काही मागितलंही नव्हतं. सेल्सगर्ल म्हणाली, "हात द्या ना मॅम," आणि तिच्या दोन्ही मनगटांवर दोन वेगळे फवारे पडले. त्या बाईने मावशीकडे पाहिलं. पट्टीकडे पाहिलं. काचेवर उघडाच राहिलेल्या त्या हाताकडे पाहिलं. मग तिने मोबाईल काढला आणि त्यात नजर बुडवली.

आता माझी चूक. माझं डोकं फिरलं. मी कार्ड आपटलं आणि म्हणाले, जी सगळ्यात महाग आहे ती अख्खी बाटली पॅक करा. सेल्सगर्ल एका क्षणात गोड झाली, सॅटिनच्या रिबिनीची पिशवी आली, आणि मी युद्ध जिंकल्यासारखी बाहेर पडले. घरी मावशीने तो सेंट मनगटावर घेतला. आला छान. तासाभराने बसला तो भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. उठेपर्यंत वाट न बघता तिने हात धुतला. मी म्हणत होते, पॅक करताना दिलेल्या पट्टीवर तर चांगला होता. ती म्हणाली, "कागदाला घाम येत नाही, बाळा. माणसाला येतो." मग आवाज अजिबात न चढवता पुढे म्हणाली, "अन् तू बाटली रागानं घेतलीस. त्यांना वाटायलं, आपण गप बसायचे पैसे भरून आलो."

गेटवर मी इतकी भाषणं ऐकली आहेत, काही केलीही आहेत. एवढं नेमकं वाक्य माझ्या एकाही पत्रकात नाही. तरी त्या रात्रीच मी पत्रक लिहायला बसले. मथळा मोठा, उद्गारचिन्हं तीन. तिने वाचलं आणि माझ्या हातात परत दिलं. भांडणाला तिची ना नव्हती, पण तिला भांडायच्या आधी वास घ्यायचा होता. जे मागायला गेलो ते मिळालंच नाही आणि तू नुकसानभरपाई मागायलीस, असं काहीतरी ती म्हणाली. मंगळवारी दुपारी, गर्दी नसताना, ती पुन्हा गेली. मी मागे दोन पावलं, तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

तीच सेल्सगर्ल होती. मावशीने पुन्हा मनगट काचेवर ठेवलं आणि पट्टी पुढे येताच ती बोटाने परत सरकवली. हातावर द्या म्हणाली. सेल्सगर्लने वर कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे डोळे केले आणि तिची ती घोटीव दुकानी भाषा एकदम गळून पडली. "आमाला सांगलंय ना मावशी, स्प्रे कमी मारा म्हनून. सर बघत बसतान तिकरं. मना बोलतील."

"बघू दे की त्यांना," मावशी म्हणाली. "मी कुठं लपायले?"

सेल्सगर्ल हसली. घनसोलीच्या गावठाणातली ती. दिवसभर उभं राहून टाचा भरून येतात, बसायला स्टूल नाही, हे तिने नंतर कधीतरी सांगितलं. त्या दिवशी तिने बाटली उचलली, कॅमेऱ्याकडे पाठ केली नाही, आणि मावशीच्या मनगटावर एक फवारा मारला. मावशी म्हणाली, येते, आणि काही न घेता निघाली.

मग सुरू झाली ती पारख. एका खेपेला एकच वास, डाव्या मनगटावर, न चोळता. तो हात घेऊन ती दिवस घालवायची. कणीक मळायची, उन्हात कपडे वाळत घालायची, विहारात वंदनेला बसायची आणि अधूनमधून मनगट नाकाशी नेऊन डोळे मिटायची. मी रागारागात आयुष्य काढते. इतकं शांत हट्टीपण मी जवळून कधी पाहिलं नव्हतं. एक आला छान पण बसलाच नाही. एक उठता उठेना, डोकं धरलं त्याने. पाचव्या खेपेनंतर मी कंटाळून म्हणाले, घे ना कुठलातरी. ती म्हणाली, "बावीस वर्षं थांबले. आठ दिवसांनी काय मरायले का?" सेल्सगर्ल आता तिला पाहिल्यावर स्वतःच विचारायची, कालचा उठला कसा? तिने त्या बायकांचे तिन्ही शब्द उचलले होते आणि इतर गिऱ्हाइकांनाही सांगायची म्हणे, लगेच घेऊ नका, फिरून या.

आठव्या खेपेला मावशीने एक लहान बाटली घेतली. मी तिचं मनगट हुंगून विचारलं, हा कशासारखा आहे गं? मला वाटलं, गावाकडचं काहीतरी नाव येईल, एखादं झाड, एखादा महिना. ती म्हणाली, "कशासारखाच नाही. बावीस वर्षांत कुणाच्या न्हाणीत नाही, कुणाच्या लग्नात नाही. म्हणून घ्यायले."

वास टिकत नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार. ती कंपनी आता महाप्याकडे गेली, तिच्या जुन्या शेडच्या जागी काचेची इमारत चढली. ती सेल्सगर्लही दुकान सोडून गेली, कुठे ते कळलं नाही. माझा राग मात्र अजून पुरता उठलेला नाही आणि तो त्या सेल्सगर्लवर कधीच नव्हता. तिच्या डोक्यावर कॅमेरा होता. मोबाईलमध्ये नजर बुडवणाऱ्या बाईच्या डोक्यावर काय होतं? तिला कोण ओरडणार होतं? तिला फक्त दोन शब्द बोलायचे होते, आणि मावशीला आयुष्यात पहिल्यांदा मागितलेली गोष्ट पुन्हा आठ वेळा जाऊन मागावी लागली नसती. ती बाई वाईट नव्हती. ती तुमच्या-माझ्यासारखीच होती, म्हणून तर हे तुम्हाला लिहिते आहे. पुढच्या वेळी काउंटरवर तुमच्या शेजारी कुणीतरी आधीपासून उभं असेल आणि दुकानदार हसून तुमच्याकडे वळेल. तेव्हा हात मागे घ्या. आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणा: "आधी यांना. या माझ्या आधी आल्यात."