न बुडलेला छर्रा

“बाटली हलवली नव्हती ना?” बाईंनी विचारलं होतं, आणि मी “नाही” म्हणालो होतो. हलवली होती. पिंपरीच्या औषध कारखान्यात येण्यापूर्वी मी दवाखान्यात कंपाउंडर होतो. बाटली हातात आली की हात आपोआप चालायचा.

तुमच्याही कामावर अशी एखादी व्यक्ती असेल. बाई आमच्या प्रयोगशाळेतल्या केमिस्ट. पदर खोचून नळीसमोर बसायच्या आणि कुणी घाई केली की म्हणायच्या, “त्याला जरा बसू द्या.”

‘त्याला’ म्हणजे इंजेक्शनच्या दाट, पांढऱ्या औषधाला. ते हलवलं की पातळ व्हायचं, स्वस्थ ठेवलं की हळूहळू पुन्हा घट्ट व्हायचं. किती वेळात, हे बाई शोधत होत्या. बाटलीत स्वस्थ ठेवलेलं औषध न हलवता काचेच्या नळीत भरायचं, वरून पोलादी छर्रा सोडायचा आणि तो किती वेगाने उतरतो ते पाहायचं.

ही मोजणी बाईंनी माझ्याकडे दिली होती. माझा छर्रा प्रत्येक वेळी सरळ तळाला गेला. माझे आकडे कारखान्याच्या साहेबांकडे पोचले.

“बाई, औषध आहे की ताक? सगळा गाळ खाली बसेल. बंद करा हे.”

बाईंचं वर्षभराचं काम बुडत होतं. मी शेजारी बाटल्यांना बुचं लावत होतो.

बाईंनी एक संधी मागितली. साहेबांसमोर बाटली खळखळून हलवली, औषध नळीत ओतलं, छर्रा सोडला. गेला तळाला.

“मग?”

“आता चहा घ्या, साहेब. त्याला जरा बसू द्या.”

कपबशा रिकाम्या झाल्यावर त्यांनी दुसरा छर्रा सोडला. तो वरच राहिला, सायीवर ठेवल्यासारखा. काचसामान धुणारे गावाकडचे अण्णा वाकून म्हणाले, “बुडंना की ओ साहेब.”

साहेबांनी पेनने नळीवर टकटक केलं. छर्रा जागचा हलला नाही. साहेब हसले. “ताक नव्हे बाई, दही आहे हे. घ्या करायला.”

पहिल्या बाटल्या भरून रांगेत उभ्या राहिल्या, त्या तळापासून गळ्यापर्यंत एकसारख्या पांढऱ्या. हलवल्या की औषध सुईतून सरसर उतरायचं. बाई त्या रांगेपुढून करवलीसारख्या मिरवत गेल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मी.

पुढे दुसऱ्या कारखान्याने त्यांना प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणून बोलावलं. त्यांची पेटी मी टांग्यात चढवत होतो.

“सांभाळून हं, हलवू नका. नळ्या आहेत आत.”

मी पेटी अलगद ठेवली.

“बाई, तेव्हा बाटल्या मी हलवल्या होत्या. तुम्ही विचारलंत, तरी खोटं बोललो. मला माफ करा.”