वामनकाकांचा दहावा नियम

वामनकाका गेल्याचं मला एसटीत कळलं. किकवीला चढलेल्या ओळखीच्या बाई सहज म्हणाल्या, "वाचनालयातले काका गेले की हो परवा." भोरला उतरले आणि पाय आपोआप वाचनालयाकडे वळले. दाराला कुलूप होतं. महिना होऊन गेला, अजून मन मानत नाही...

काकांनी आयुष्यभर पुस्तकं दिली-घेतली आणि निम्म्या भोरला धाकात ठेवलं. परत आलेलं पुस्तक ते पान न् पान तपासत. हळदीचा डाग दिसला की सगळ्यांसमोर विचारत, "काय, पिठलं होतं वाटतं?" थुंकी लावून पान उलटणाऱ्याला दोन आठवडे पुस्तक बंद. भिंतीवरची नियमांची पाटी त्यांच्याच वळणदार अक्षरातली. मला तर त्यांचा रागच यायचा.

लग्न होऊन हिर्डोशीला गेले तेव्हा मी बाहेरून बी.ए. करत होते, शेवटचं वर्ष. घरात भातलावणी, नाचणी, जनावरं. माझ्या हातात पुस्तक दिसलं की सासूबाईंना दहा कामं आठवत. त्यात दरड कोसळून एसटी बंद पडली आणि पुस्तक परत करायला तीन आठवडे उशीर झाला. "घरी वाचून होत नाही, आता पुस्तकही बंद. परीक्षा बुडालीच माझी," म्हणत मी काकांच्या टेबलापुढे चक्क रडले. ते चष्म्यावरून बघत राहिले. मग वाचनालयाचा छापील कागद ओढून त्यांनी लिहिलं : 'नियम दहा. विलंबाबद्दल सभासदाने वर्षभर दर शनिवारी वाचनालयात बसून वाचन करावे. सूट नाही.' खाली गोल शिक्का. "घरी दाखव," म्हणाले, "आणि शनिवारी अकराला ये." मला वाटलं, असेल बुवा नियम.

सासूबाई तणतणल्या. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, कागद दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी ते भोरला जाऊन आले आणि म्हणाले, "शिक्क्याचा कागद हाय. दंड भोगायलाच पायजे. जाऊ द्या तिला."

खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मी वर्षभर दंड भोगला. काका न बोलता चहा ठेवत, पुस्तकापासून हातभर लांब. मी पास झाले, पुढे नोकरीही लागली. पेढे घेऊन गेले तर म्हणाले, "पुस्तकाला हात लावण्याआधी हात धू." बास, एवढंच कौतुक!

बातमी कळली त्या संध्याकाळी घरी मामंजींना सांगितलं.

"लई कडक मानूस," म्हणाले. "पर खोटारडा. पाटीवर नऊच नियम हुते. म्या तवाच जाऊन मोजलं हुतं."

"मग मला कसं जाऊ दिलंत?"

"कागद तुझ्या सासूला लागत हुता... मला न्हाई."

परवाच्या शनिवारी वाचनालयात गेले. पाटीवर नऊच नियम आहेत. इतकी वर्षं मी कधी मोजलेच नव्हते. हात धुतले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.