हळदीखालचा मार

नवागाममधला बन्सीलाल तसा लग्नं-साखरपुड्यांचा फोटोग्राफर. पण पोलीस चौकीतून निरोप आला की कॅमेरा उचलून निमूट निघायचा. मारहाणीच्या केसमध्ये अंगावरचे वळ, जखमा टिपायच्या. गडी कामाला पक्का. जखमेशेजारी फूटपट्टी धरायची, उजेड बाजूने टाकायचा, आधी लांबून, मग जवळून. एवढं सगळं येत असूनही सुंदराच्या वेळी त्याने माती खाल्ली.

सुंदरा त्याच्याच गल्लीतली, घरी बसून साड्यांना टिकल्या लावणारी. नवऱ्याने पट्ट्याने झोडपलं आणि तिने पहिल्यांदाच धीर करून तक्रार दिली. चौकीत आली तेव्हा पाठीवर, दंडावर हळदीचा जाड लेप. शेजारणींनी मायेने थापलेला. आपल्याकडे काही लागलं की हात आधी हळदीच्या डब्याकडेच जातो. बाई हवालदार ओल्या कापसाने पुसायला गेली, तशी सुंदरा कळवळली.

“राहू द्या हो, सूज दिसतेच आहे,” बन्सीलाल म्हणाला आणि त्याने लेपासकटच फोटो काढले.

तिची कीव आली हे खरंच. पण भाऊ म्हणणाऱ्या बाईची उघडी पाठ बघणं त्याला जड जात होतं, कधी एकदा सुटतो असं झालं होतं, हेही तितकंच खरं. ते त्याने कुणाला सांगितलं नाही. बरेच दिवस स्वतःलाही नाही.

कोर्टात नवऱ्याच्या गुजराती वकिलाने फोटो वर धरला. “साहेब, आ तो हळदर छे. मार क्यां छे?” फोटोत खरंच हळदच दिसत होती, मार नाही. डॉक्टरच्या कागदावरही नुसती ‘सूज’ लिहिलेली. नवरा सुटला. सुंदराला दुसरीकडे जायला जागा नव्हती. ती त्याच्याच खोलीत परत गेली.

गेल्या महिन्यात ती स्टुडिओत आली. गालावर ताजा, काळानिळा डाग. बन्सीलालने लगेच कॅमेरा उचलला.

“सुंदरा, चाल चौकीमा. या वखतले मी बराबर फोटो काढस.”

“नको भाऊ. पोरना शाळाना फारमले मायना फोटो लागस. गालवरना डाग तेवढा पुसी टाक.”

त्याने फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर डाग पुसला. अर्ध्या मिनिटाचं काम.

सुंदराने फोटो निरखून पाहिला. “भलता चांगला काढेल शे, भाऊ,” ती म्हणाली. बन्सीलालला मान वर करता आली नाही.