पातेलंभर सब्जा

सब्जा पाण्यात फुगतो, ही गोष्ट आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होती.

आमच्याकडे अंबरनाथला बुद्ध पौर्णिमेला माझ्या दोन्ही बहिणी पोरांना घेऊन येतात. दुपारी जेवण, संध्याकाळी विहारात वंदना, आणि दोन्हीकडे आईच्या हातची खीर. मागच्या वर्षी मोठीची चिऊ, वय वर्षं आठ, वाटी बाजूला सारून म्हणाली, "आजी, तुझी खीर दरवर्षी सेमच असते." आईने वाटी उचलून ओट्यावर ठेवली आणि बराच वेळ ओटाच पुसत राहिली. मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की चेव येतो. (मला चेव आला की बायको मोबाइल चार्जिंगला लावते. डॉक्टरला फोन करावा लागला तर?) मी जाहीर करून टाकलं, पुढच्या वर्षी मामा स्वतःच्या हाताने स्पेशल फालुदा खिलवणार! आई एवढंच म्हणाली, "कर बाबा."

यंदा मामला आणखी नाजूक होता. विहारातली वंदना आमच्या पोरांनी म्हणायची, असं मंडळाच्या बायकांनी ठरवलं होतं. चिऊ पुढे, बाकीची चार तिच्या मागून. आईने सगळ्यांकडून रोज फोनवर पाठ करून घेतलं, पाचही जणांना पांढरे कपडे शिवून घेतले आणि ही बातमी बिल्डिंगच्या वॉचमनपर्यंत पोचवली. पोरं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत विहारात उभी राहिलेली बघायची, एवढीच तिची इच्छा होती.

सामान आणायला मी उल्हासनगरला गेलो. शेव घेतली, गुलाबाचं सरबत घेतलं. सब्जा मागितला तर दुकानदाराने एवढीशी पुडी पुढे केली. मोहरीएवढा दाणा, त्यात पाच पोरांचं काय होणार? मी म्हटलं, अर्धा किलो द्या.

"शादी है क्या, साई?"

"नहीं, घर का ही प्रोग्राम है."

त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण आपल्याकडे कुणी आदराने पाहिलं की डोकं कुठे चालतं!

त्या दिवशी नेमकं नळाला पाणी नव्हतं. बायकोने आदल्या दिवशीच पिंप, बादल्या, कळशा सगळं भरून ठेवलं होतं. सकाळी मी आईचं खिरीचं मोठं पातेलं घेतलं, अर्धा किलो सब्जा त्यात ओतला आणि वर कळशीभर पाणी. जरा वेळाने पाहतो तर पाणी गायब! मला वाटलं, कमी पडलं. आणखी ओतलं. तेही गायब. मग मला दया यायला लागली. बिचारे दाणे किती तहानलेले असतील! मी बादली ओतली. वर्तमानपत्र वाचून परत आलो तर पातेल्यावर काळ्या ठिपक्यांचा डोंगर उभा होता आणि तो हळूहळू ओट्यावरून खाली उतरत होता. मी जादाचा सब्जा कढईत काढला. कढई भरली. डबे भरले. शेवटी आंघोळीचा टब आणला. (धुऊन आणला होता. कुणी विचारलं तर सांगायला बरं.)

इतक्यात आई पातेलं शोधत आली. तिने सब्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने कुकर काढून त्यात खीर केली. तेवढी विहारापुरतीच झाली. पोरांना एकेक चमचा मिळाला. बायको मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. "घरात प्यायला पाणी नाही आणि तुम्ही ते बियांना पाजत बसलात?" म्हणाली. मी तिला फालुदा झाल्यावर बोल म्हटलं.

फालुदा झाला आणि दिसायला काय झाला होता! स्टीलच्या ग्लासात शेव, दूध, त्यावर सब्जा, सब्जावर आइस्क्रीम आणि वरून गुलाबाचं लालभडक सरबत. आईने बजावून सांगितलं होतं, आधी खाऊ दे, मग नवे कपडे घाला. पण मला फॅमिली ग्रुपवर फोटो टाकायचा होता. पांढरे कपडे, हातात लाल फालुदा, मागे मी! मी पाचही जणांना नवे कपडे चढवले आणि सतरंजीवर ओळीत बसवलं. त्यांच्यामागे माझा नवा कुर्ता घालून मीही बसलो.

चिऊने चमचा तोंडात घातला आणि थांबली.

"मामा, हे काय आहे?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात धाकटीचा गोट्या ग्लासात वाकून बघायला लागला. हा गेल्या पावसाळ्यात बारवी धरणाकडच्या ओढ्यावर जाऊन आलेला, त्यामुळे आमच्या घरातला एकमेव तज्ज्ञ. त्याने शांतपणे निकाल दिला, "बेडकाची अंडी."

पुढचं सगळं एका दमात झालं. चिऊ किंचाळत उठली, उठताना तिचा पाय सतरंजीत अडकला, सतरंजी ओढली गेली आणि ओळीतले पाचही ग्लास एकामागून एक आडवे झाले. सब्जावरून गोट्या घसरला तो थेट माझ्या मांडीत. पाच फ्रॉक-कुर्ते आणि सहावा माझा, सगळे गुलाबी. तसा फोटो निघालाच, कारण मोबाइलवर टायमर लावलेला होता.

चिऊ रडायला लागली. बेडकाला नाही, वंदनेला. "आता मी आजीसोबत कशी जाऊ?" म्हणत तिने असा गळा काढला की मला स्वतःला थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. आई दारात उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी कपडे धुवायला धावलो तर बादल्या रिकाम्या. बायकोने टबाकडे बोट दाखवलं. "पाणी त्यात आहे. काढा." मी खरोखर सब्जा फडक्यात बांधून पिळला हो! मला घाम फुटला, पण सब्जाने एक थेंब सोडला नाही.

शेवटी आईच पुढे झाली. तिने माझं कपाट उघडलं. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुपरवायझर आहे, आम्हाला पांढरे शर्ट असतात, आणि इस्त्रीवाल्याकडून आठवड्याचे शर्ट आदल्याच दिवशी आले होते. आईने ओल्या फडक्याने पोरं पुसली, एकेकाला एकेक शर्ट चढवला, बाह्या दुमडल्या. शर्ट पोरांच्या घोट्यांपर्यंत आले. पुढून पोरं इतकी गोड दिसत होती की आईच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं.

विहारात पोरं मूर्तीकडे तोंड करून उभी राहिली. म्हणजे आमच्याकडे पाठ. आणि तेव्हा मला आठवलं की आमच्या कंपनीच्या शर्टावर पाठीमागे मोठ्या निळ्या अक्षरांत छापलेलं असतं, "सुरक्षा प्रथम". पाच पाठी, पाच सुरक्षा! मंडळाच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पण चिऊने वंदना अशी म्हटली की एक अक्षर चुकलं नाही, आणि शेवटच्या 'साधु, साधु, साधु'ला आईचे डोळे भरून आले. माझेही आले. मी एकटाच गुलाबी कुर्त्यात मागच्या भिंतीला चिकटून उभा होतो, त्यामुळे कुणी बघितलं नाही, असं मला वाटतं.

मग खीर वाटली. दुपारी एकेका चमच्यावर भागवलेली पोरं रांगेत दोनदा उभी राहिली. वाटी चाटूनपुसून झाल्यावर चिऊ आजीला बिलगली आणि म्हणाली, "आजी, खीर सेमच ठेव हां. दरवर्षी."

आई रांगेतल्या सगळ्यांना विचारत होती, नातीने काय सांगितलं ऐकलं का! माझा नंबर आला तेव्हा कुकर रिकामा झाला होता.

"माझ्यासाठी काहीच नाही का गं?"

"असं कसं?" आई प्रेमाने म्हणाली. "तुझं टबात आहे की, बाळा."

पुढचा आठवडाभर मी डब्यात तेच नेलं, रंगीत शर्ट घालून.