चाचांचं मशीन

पल्सार म्हणजे ठोके देणारा तारा. मेलेला, पण स्वतःभोवती फिरत राहिलेला, आणि प्रत्येक फेरीत रेडिओलहरींचा एक ठोका आपल्याकडे धाडणारा. तो डोळ्यांनी दिसत नाही. मी अकरा वर्षं असे ठोके शोधते आहे आणि त्यातली सात पारनेरमध्ये एका भाड्याच्या खोलीत काढली आहेत. आई फोनवर विचारते, "एकटीनं काय ऐकत बसतेस गं तिथं?" ऐकू काहीच येत नाही, स्क्रीनवर नुसत्या रेघा असतात, हे तिला सांगून मी थकले. रविवारी तर दुपारी चारपर्यंत माझ्या तोंडून शब्दही बाहेर पडत नाही. मग दूध आणायला जाते आणि "अर्धा लिटर" म्हणताना माझाच आवाज मला परका वाटतो.

नेमणूक वर्षावर्षानं वाढायची. स्वतः शोधलेला एक तरी पल्सार नावावर असता तर कायमच्या जागेसाठी तोंड उघडता आलं असतं. मला दुसरं काही नको होतं.

आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या कोसकोस पसरलेल्या आहेत. त्यातल्या शेवटच्या तबकडीजवळ चाचांचं रान. चाचा सत्तरीचे, बायको गेलेली, मुलगा भिवंडीला टेम्पो चालवतो. रानडुकरांसाठी त्यांनी वाटाण्याभोवती झटका मशीन लावलेलं. बॅटरीवरचं ते मशीन तारेत सव्वा सेकंदाला एक झटका सोडतं आणि प्रत्येक झटक्याबरोबर रेडिओचा कचराही उडवतं. हातात छोटा अँटेना घेऊन, स्कूटीवरून असा कचरा हुडकत फिरणं हेही माझंच काम. लोकांना वाटायचं, मी लाइट चोरी पकडायला आलेय. चाचांनी मात्र पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "म्याडम, माज्या तारेचा तुमच्या ताऱ्याला तरास हुतो व्हय?" आणि स्वतःच हसले होते.

एका पावसाळ्यात स्क्रीनवर एक ठोका उमटला. सव्वा सेकंदाला एक.

खऱ्या पल्सारची एक खूण असते. अवकाशातून येताना ठोक्याच्या जास्त कंपनांच्या लहरी आधी पोचतात, कमी कंपनांच्या मागे रेंगाळतात. तारा जितका लांब, तितकं रेंगाळणं जास्त. इथं ते जेमतेम होतं. म्हणजे एकतर तारा फार जवळचा, नाहीतर तो तारा नव्हेच. मला नाचावंसं वाटलं, आणि त्याचाच राग आला. याआधी दोनदा असंच नाचून मी सगळ्यांसमोर तोंडघशी पडले होते.

चार दिवसांनी चाचांच्या रानात गेले. मशीन टक टक करत होतं. स्कूटीवरून न उतरताच घड्याळ लावलं. दुसऱ्या दशांशापर्यंत जुळलं. एरवी आठव्या दशांशावरून भांडणारी बाई मी, त्या दिवशी दोनावर भागवलं.

"बसा की म्याडम," चाचा म्हणाले. "च्या टाकतो. लई इपरीत झालंय, सांगतो तुमाला."

"नको चाचा, घाई आहे."

कसली घाई होती, देव जाणे. खोलीवर भाताचा कुकर लावायचा होता. वहीत त्या ठोक्यासमोर लिहिलं, 'चाचांचं मशीन', आणि पान उलटलं. त्या जागेकडे पुन्हा दुर्बीण वळवायला वेळ मागायला हवा होता. मागितला नाही. झटका मशीन बघायला वेळ मागते म्हणून हसतील, ही भीती.

दोन वर्षांनी परदेशातल्या एका गटाचा शोधनिबंध आला. आकाशातली जागा तीच, ठोका तोच. जवळचा तारा. काखेत कळसा म्हणतात तो असा.

स्कूटी काढली आणि थेट चाचांकडे गेले. मी चहा न घेता गेले होते त्या आठवड्यात ते मशीन चालू होतं ना, एवढंच मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं. चालू असतं तर निदान चूक करायला कारण तरी होतं.

"त्या आटवड्यात?" चाचांना आठवावंही लागलं नाही. "मशीन हुतंच कुटं? दुरुस्तीला दिल्तं पारनेरात. तुमी आलता त्याच्या आदल्या दिशी आनलं. तवर डुकरांनी सगळा वाटाना खाल्ला की. तेच तर सांगत हुतो तुमाला. तुमी हेल्मेटबी काडलं न्हाई."

मी बांधावर बसले आणि रडले. चाचांनी आत जाऊन चहा टाकला, शेळीच्या दुधाचा. मग मी त्यांना सगळं सांगितलं, ताऱ्याचं आणि वहीचं. इतकं सलग मी कितीतरी महिन्यांत कुणाशी बोलले नव्हते.

"मंग त्याला नाव कुनाचं दिलं?"

"नाव नसतं चाचा. नुसते आकडे असतात."

"आन् तुमच्या वहीत?"

"तुमचं."

ते खूप वेळ हसले. मग कपबशी खाली ठेवत म्हणाले, "त्या दिशी माजं बोलनं कुनीच ऐकलं न्हाई बगा. पोराला फोन लावला, त्योबी गाडीवर हुता."